हसरा मोठा

१७ फेब्रुवारी

लेक म्हणते, बोलवत नसेल तर लिही. रोज संध्याकाळी फोन करते आणि ठेवताना हेच सांगते. म्हणून ही डायरी काढली. गेल्या वर्षीची आहे, कोरीच राहिली होती. तारखा बरोबर आहेत, वार चुकीचे. चालेल. मला हल्ली वार तसाही कळत नाही.

काय लिहायचं? सकाळी उठले. भांडी घासली. ती घासलेलीच होती. दुपारी झोपले नाही, पण जागीही नव्हते.

हे डिसेंबरात गेले. फुलांच्या दुकानाची गाडी चालवायचे, घरोघरी गुच्छ पोचवायचे. गाडीतच गेले. एका इमारतीसमोर गाडी नीट कडेला लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात ठेवली आणि गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मी म्हटलं, यांना काय कळतं आणि काय नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

मी रडले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. लेक फोनवर रडते. मी ऐकते. तिला वाटतं आई धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले आहे.

ती म्हणते, आता इकडेच ये राहायला, कायमची. मी म्हटलं, बघू.

१९ फेब्रुवारी

दुकानाच्या मालकीणबाई आल्या होत्या. मला वाटलं सहज. पाणी प्यायल्या, खिडकीतून बाहेर बघितलं, मग म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही गाडी चालवता ना?"

यांच्या जागी ठेवलेला माणूस सोडून गेला. जिने फार आहेत म्हणाला. गुच्छ खालीच ठेवून निघून यायचा, कुणाशी बोलायचा नाही.

मी म्हटलं, "गाडी येते. फुलांतलं काही कळत नाही."

"भाऊंना तरी कुठे कळायचं? शेवटपर्यंत जर्बेराला सूर्यफूल म्हणत होते."

गाडी मला यांनीच शिकवली होती. शिकवतानासुद्धा बोलले नाहीत. मी ब्रेक उशिरा मारला की फक्त श्वास आत घ्यायचे. त्या श्वासावर मी शिकले.

मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, ते सापडलं नाही.

२२ फेब्रुवारी

पहिला दिवस.

दुकानाच्या मागच्या खोलीत जमीन सतत ओली असते. बादल्याच बादल्या, त्यात देठं बुडवलेली, भिंतीला रिबिनींची रिळं. थंडगार. मला बरं वाटलं तिथे. बरं म्हणजे, वाईट वाटलं नाही.

दुकानात गुच्छांना नावं आहेत. दिलगिरीचा असतो, तो पांढरा. अभिनंदनाचा असतो. पण सगळ्यात जास्त खपतो तो 'हसरा'. पिवळं, केशरी, गुलाबी, सगळं एकत्र आणि वर चकचकीत कागद. हसरा छोटा आणि हसरा मोठा. लोक फोन करून सांगतात, "एक हसरा मोठा पाठवा," आणि पत्ता देतात. कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं असतं, कुणी रुसलेलं असतं, कुणी एकटं असतं. स्वतः जायला जमत नाही म्हणून हसरा जातो.

मालकीणबाईंनी एकच गोष्ट शिकवली. "वहिनी, दार उघडलं की हसायचं. अर्धं काम फुलांचं, अर्धं चेहऱ्याचं."

मी आरशासमोर करून बघितलं. दात दिसले.

गाडीत यांचा वास वगैरे काही नव्हता. ओल्या पानांचा होता. सीट मागे होती, माझे पाय पुरेनात. पुढे घेता आली असती. मी पाठीशी उशी लावली.

पाचव्या मजल्यावर एक आजी राहतात. मुलगा परदेशात असतो, दर आठवड्याला हसरा मोठा पाठवतो. लिफ्ट नाही. मी धापा टाकत वर पोचले, बेल वाजवली. आतून चपला फरफटत आल्या आणि दार उघडायच्या आधीच आजी म्हणाल्या, "आलास का बाबा, किती दिवस झाले. आज तुझ्यासाठी एक राखून ठेवलाय." मग दार उघडलं. हातात पिवळा गुच्छ घेऊन मी उभी.

आजींचा चेहरा पडला. "तो कुठे?"

सांगायला हवं होतं. पण हातात ती फुलं, वर लाल रिबीन. त्या रिबिनीच्या मागून कसं सांगायचं? मी म्हटलं, "रजेवर आहेत. तोवर मी."

"बरं आहे ना त्याला?"

"आराम चाललाय."

"त्याला सांग, आजीने विचारलंय. आणि विनोद राखून ठेवलाय म्हणावं, शिळा व्हायच्या आत ये."

सांगते म्हटलं.

घरी येऊन चपला काढल्या आणि म्हटलं, आजींनी विचारलंय, विनोद राखून ठेवलाय. यांच्या खुर्चीकडे बघून म्हटलं. निरोप घेतला होता, द्यायला हवा. उत्तर नाही. म्हणजे नेहमीसारखंच.

२७ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात दर आठवड्याला काउंटरवर ठेवायला हसरा छोटा जातो. चष्मेवाला जाडसर आहे, बोलका. "अहो, फुलकाका कुठेत आमचे?"

फुलकाका. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"रजेवर."

"लवकर पाठवा बुवा. ते आले की दुकान अर्धा तास बंद पडल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकांसकट सगळे हसून हसून बेजार."

मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मी विचारलं, "उंच, पुढचा दात जरा तुटलेला?"

"तेच की. काय माणूस आहे. परवा, म्हणजे थंडीच्या आधी, म्हणाले, 'मला बाजारात पाठवणं म्हणजे पेटीत पत्र टाकणं. पोचलं तर पोचलं.'" आणि चष्मेवाला पोट धरून हसला.

वाक्य ओळखीचं वाटलं. रेडिओवर ऐकलं असेल.

आमच्या घरात हे दोन गोष्टी बोलायचे. आल्यावर, जेवायला काय आहे. झोपताना, दिवा घालवू का. मधे काही नाही. लेक लहान असताना एकदा शाळेत 'माझे बाबा' निबंध लिहायला सांगितला होता. तिने लिहिलं, माझे बाबा उंच आहेत. एवढंच. बाईंनी खाली लिहिलं, अजून लिही. तिने लिहिलं, खूप उंच आहेत.

मला राग यायला हवा. दारोदार वाटलं आणि घरी रिकामे येऊन बसले. पण राग यायलासुद्धा आत काहीतरी शिल्लक लागतं.

३ मार्च

लेकीचा फोन. तिने तिच्याकडची मागची खोली रंगवून घेतली. फिका हिरवा. "आई, महिनाअखेरीस मी गाडी घेऊन येते. आपण सामान बांधू."

"बरं."

"तू बरं म्हणतेस, पण तुला काय वाटतंय ते सांग ना."

"मला काय वाटायचंय?"

ती म्हणाली, "तू बाबांसारखी व्हायला लागलीयेस."

फोन ठेवल्यावर मी पलंगाखालची धूळ काढली. फार निघाली.

८ मार्च

जिने आता सवयीचे झाले. हसू काही जमत नाही. तरी लोक फुलं घेतात. कुणी माझ्याकडे नीट बघत नाही, फुलांकडेच बघतात. हे बरं आहे. फुलांमागे अख्खा माणूस लपतो.

एका घरात रुसलेली बायको होती. नवऱ्याने हसरा मोठा पाठवला. तिने चिठ्ठी वाचली आणि मलाच म्हणाली, "परत न्या. आणि त्यांना सांगा, दुकानातून माफी मागवली तर मीही दुकानातूनच माफ करेन." मी म्हटलं, "मग पांढरा पाठवा, तो स्वस्त पडतो." ती एकदम हसली. गुच्छ ठेवून घेतला. मी काही विनोद केला नव्हता. पांढरा खरंच स्वस्त आहे.

दुपारी मालकीणबाई देठं छाटत होत्या. मी ओट्याला टेकून उभी होते. त्यांनी न बघता विचारलं, "वहिनी, लोक भाऊंना विचारतात ना? काय सांगता?"

"रजेवर आहेत म्हणते."

त्यांची कात्री थांबली. मग पुन्हा चालू झाली. "किती दिवसांची रजा देणार आहात?"

मी खाली पडलेली पानं गोळा करायला लागले. त्यांनीच विषय बदलला. भाऊंचा शर्ट नेहमी चुरगळलेला असायचा, एकदा त्या बोलल्या तर म्हणाले, 'शर्ट कपाटात असतो तोवर सरळ असतो, माझ्या अंगात आला की कंटाळतो.' मालकीणबाई हसल्या आणि मनगटाने डोळे पुसले. "कुठून सुचायचं त्यांना एकेक?"

मलाही तेच कळेना.

१५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आजींकडे गेले. गेले काही आठवडे त्या मला आत बसवतात, पाणी देतात. फुलं स्वतः लावतात, मला हात लावू देत नाहीत. प्रत्येक वेळी यांना निरोप असतो. एकदा म्हणाल्या, गुडघ्याला शेकायला सांग. एकदा म्हणाल्या, रजा फार झाली, मालकीण काढून टाकेल. सगळे निरोप मी घरी नेते आणि खुर्चीला सांगते. गुडघ्याचासुद्धा सांगितला.

आज आजी म्हणाल्या, "तुला त्याच्या बायकोचं ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"अगं, फार जबरी बाई आहे. हा इथे बसून तिचंच सांगत असायचा. मी म्हणायचे, अरे तू घरी तिच्याशी असाच बोलतोस का? तर म्हणायचा, 'छे, घरी मी कशाला बोलू? घरी मी ऐकतो.'"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एकदा तिने याला काय म्हटलं असेल? म्हणे, 'तुमचं मौन इतकं वाढलंय की त्याला आता वेगळी खोली भाड्याने घ्यावी लागेल.'" आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तो हे सांगताना कसा दिसायचा माहितीये? पोराने बक्षीस आणलं की बाप दिसतो तसा."

हे वाक्य माझं आहे.

मला ती संध्याकाळ आठवते. लेकीचं लग्न ठरत होतं, मी विचारून विचारून थकले होते आणि हे पेपरमागे बसले होते. मी ताट आपटलं होतं. हे वाक्य मी ओरडून म्हटलं होतं, त्यात गंमत नव्हती. मला त्यांना लागावं असं वाटत होतं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मला वाटलं, ऐकूसुद्धा गेलं नाही.

पेटीत टाकलेलं पत्रही माझंच. शर्टही माझाच. आता कळलं.

आजींना येते म्हटलं आणि खाली आले. पुढचा गुच्छ भलत्याच घरी देऊन आले. पुन्हा जाऊन मागून घ्यावा लागला. त्या माणसाने आनंदाने पाण्यात घालून ठेवला होता, त्याला कधीच कुणी फुलं पाठवली नव्हती म्हणाला. मग मी तो तिथेच ठेवला आणि मालकीणबाईंना सांगितलं, चूक झाली, माझ्या पगारातून घ्या. त्यांनी नवा बांधून दिला.

काय वाटलं? काहीच वाटलं नाही, असं लिहिणार होते. इंजेक्शन उतरताना गालाला मुंग्या येतात. तसं काहीतरी. दुखत नाही अजून.

१६ मार्च

घरी बसून होते. खुर्चीला म्हटलं, "मग तेव्हाच हसायला काय झालं होतं?"

मोठ्याने म्हटलं. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, काही हवंय का. नको म्हटलं.

२१ मार्च

हसरा मोठा, सोबत चिठ्ठी: 'लवकर बऱ्या व्हा, टेबल वाट बघतंय.' खाली पाचसहा सह्या. कुठल्यातरी ऑफिसातल्या लोकांनी पाठवलेला. तळमजला, निळं दार.

दार एका गृहस्थाने उघडलं. माझ्याच वयाचे असतील. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी हसले, म्हणजे दात दाखवले, आणि गुच्छ पुढे केला.

त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. म्हणाले, "ती सकाळी गेली. दवाखान्यातच."

आत कुणी नव्हतं. मुलगा निघाला होता, पोचायचा होता. मी दारात आणि ते दारात, मधे तो एवढा पिवळाजर्द गुच्छ.

"परत नेता येतो का?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. जसं दुकानात विचारतात तसं.

"येतो."

"मग त्यांना कळेल ना, का परत आला?"

"कळेल."

"मला आत्ता कुणाला काही कळवायचं नाहीये." असं म्हणून त्यांनी गुच्छ घेतला आणि तसेच उभे राहिले. कुठे ठेवायचा ते सुचेना. मी म्हटलं, "आत येऊ का?"

स्वयंपाकघरात फुलदाणी सापडली नाही. ती कुठे ठेवायची ते तिलाच माहीत, ते म्हणाले. मी पाण्याचा उभा जग घेतला, देठं थोडी छाटली, फुलं लावली. ओट्यावर औषधांच्या पट्ट्या होत्या, त्या गोळा करून एका पिशवीत घातल्या. त्यांना खुर्चीवर बसवलं. दुसरी चप्पल पलंगाखाली होती, काढून दिली.

ते म्हणाले, "तुम्हाला बरोबर कळतंय काय करायचं ते."

"माझे मिस्टर गेले. थंडीत."

बोलून गेले. इतके दिवस कुणाला म्हटलं नव्हतं. लेकीलासुद्धा मी सांगितलं नव्हतं, तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तीन शब्द माझ्या तोंडात पहिल्यांदाच आले आणि चव अगदी साधी होती.

त्यांनी वर बघितलं. "मग पुढे काय होतं?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मला अजून माहीत नाही. मी अजून पुढे गेलेच नाहीये. कळलं की येऊन सांगेन."

ते मान डोलावत राहिले. त्यांचा मुलगा येईपर्यंत मी बसले. आम्ही काही बोललो नाही. पण ते मौन जड नव्हतं. यांचंही असंच होतं का कोण जाणे. मी कधी त्यात बसूनच पाहिलं नाही, सारखी दार ठोठावत राहिले.

बाहेर येऊन गाडीत बसले. उशी मागे टाकली आणि सीट पुढे घेतली. कर्रकन आवाज झाला. पाय नीट पोचले.

२२ मार्च

आजींचा गुच्छ आज होता. जिना चढताना ठरवलं होतं, फुलं द्यायच्या आधी सांगायचं. गुच्छ बाहेर भिंतीला टेकवून ठेवला, बेल वाजवली. आजींनी दार उघडलं, माझे रिकामे हात बघितले.

"आजी, ते रजेवर नाहीत. ते डिसेंबरातच गेले."

आजींनी दाराची कड धरली. "कुठे गेले" असं विचारतील अशी मला भीती होती. नाही विचारलं. या वयात तो शब्द कळतो.

मग म्हणाल्या, "आणि मी इतके दिवस तुझ्यापाशी निरोप देत होते."

"हो."

"गुडघा शेकायला सांगितलं मी त्याला."

"हो."

"काय करायचीस त्या निरोपांचं?"

"सांगायचे. घरी जाऊन, त्यांच्या खुर्चीला."

आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. फुलं नव्हती मधे. "तू त्याची कोण?"

"बायको."

"ती?"

"तीच."

मला वाटलं आता जवळ घेतील, किंवा निदान आत या म्हणतील. आजींनी दार लावून घेतलं. जोरात नाही. आतून चपला फरफटत लांब गेल्या. थोड्या वेळाने रडण्याचा आवाज आला, मोठा, लहान मुलासारखा, कुणी ऐकतंय याची पर्वा नसलेला.

यांच्यासाठी असं कुणी रडलेलं मी ऐकलं नव्हतं. लेक रडते, पण ती माझ्यासाठी जपून रडते. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला त्या आवाजाचा हेवा वाटला. हे चांगलं नाही, पण इथे खरं लिहायचं ठरलंय.

गुच्छ दाराशी ठेवून खाली आले.

२३ मार्च

चष्मेवाल्याला सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि स्वतःचा चष्मा काढून पुसत राहिला. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, कोण हो? तो म्हणाला, "आमच्या घरचे होते."

मला हसू आलं. आमच्या घरचे नव्हते, तुमच्या घरचे होते, बरोबर आहे. मोठ्याने बोलले नाही. पण बोलले असते तर यांनी ते उद्या कुठल्यातरी दारात सांगितलं असतं.

२७ मार्च

लेकीला फोन केला. मी केला, तिने नाही. ती घाबरली, काय झालं म्हणाली. मी विचारलं, "बाबा तुला कधी काही गमतीचं सांगायचे का?"

"बाबा? नाही." मग थांबून म्हणाली, "फोनवर कधीतरी म्हणायचे, आज तुझी आई काय म्हणाली ऐक. आणि सांगायचे. मला वाटायचं तुझी तक्रार करतायत. मी म्हणायचे, बाबा, आईची बाजू मला माहितीये. मग ते फोन ठेवायचे."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला नाही.

"सामान बांधायला शनिवारी येऊ ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "ये. सामानाचं तू आल्यावर बघू."

२९ मार्च

आज आजींचा दिवस. सकाळपासून मन तिकडे होतं. दार उघडतील की नाही. दुकानात गेले तर मालकीणबाईंनी गुच्छ तयार ठेवले होते, प्रत्येकाला पत्त्याचा कागद अडकवलेला. आजींचा पत्ता त्यात नव्हता.

"पाचवा मजला?" मी विचारलं.

"त्यांनी या वेळी पत्ता बदलून सांगितलाय. मुलाशी बोलून. शेवटी आहे बघा तुमच्या फेरीत." मालकीणबाई पाठ करून बादल्या धुवायला लागल्या.

मी पुढे चौकशी केली नाही. वाटलं, रागावल्यात, दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं असेल. त्यांचा हक्क आहे. फेरी सुरू केली. शाळेच्या ऑफिसात एक, प्रसूतिगृहात दोन, रुसणाऱ्या बाईंकडे पुन्हा एक. निळ्या दाराचे गृहस्थ फाटकाशी उभे होते, त्यांना हात केला. बटणं बरोबर लावलेली होती.

शेवटचा गुच्छ उचलला, हसरा मोठा, आणि कागद वाचला. माझ्या घराचा पत्ता होता. चिठ्ठी नव्हती.

गाडी आमच्या गल्लीत आणली, कडेला लावली, हँडब्रेक ओढला. गुच्छ घेऊन दोन पायऱ्या चढले आणि बेल वाजवली.

किल्ली पर्समध्ये होती. तरी बेल वाजवली. महिनाभर तेच करतेय, गुच्छ हातात असला की बोट आपोआप बेलकडे जातं. आमच्या बेलचा आवाज बाहेरून इतका बारीक येतो, हे मला माहीत नव्हतं. हे रोज वाजवायचे. खिशात किल्ली असूनसुद्धा. मी आतून ओरडायचे, "किल्ली काय शोभेला दिलीय का?" आणि पदराला हात पुसत यायचे. दार उघडलं की हे तिथे उभे असायचे आणि मी बोलत असायचे.

मी उभी राहिले. आत कुणी उठलं नाही. कुणी ओरडलं नाही. मी पुन्हा वाजवली.

मग पायरीवर बसले. गुच्छ मांडीवर होता, त्याचा कागद फार वाजायला लागला. तो बाजूला ठेवला. आवाज थांबला नाही, कारण तो कागदाचा नव्हता.

लेकीला फोन लावला. तिने हॅलो म्हटलं. मला बोलता येईना. ती म्हणाली, "आई?" मग थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हां. मी आहे. ठेवत नाही मी फोन."

ठेवला नाही. माझा चेहरा, नाक, गळा सगळं दुखत होतं, खरंखुरं, हात लावला तर जागा सांगता येईल असं. शेजारच्या बाई बाहेर आल्या, काही न विचारता माझ्या पर्समधून किल्ली काढली आणि दार उघडून फुलं आत नेली. मी बसून राहिले. लेक पलीकडे रडत होती, या वेळी न जपता.

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. गाडी अजून दुकानात परत गेली नव्हती.

"वहिनी, शेवटचा पोचला का?"

"पोचला," मी म्हटलं. "दार उघडायला जरा वेळ लागला."

पलीकडे त्या हसल्या की रडल्या ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "हे मी उद्या आजींना सांगू का?"

मी म्हटलं, "नको. मी सांगते."